वाचकांचे प्रश्न : पाऊस मोजणारी माणसं सांभाळताना

मागच्या अंकात गावोगाव पाऊस मोजणाऱ्या गटांबद्दल थोडं लिहिलं होतं आणि शंका असतील तर कळवा म्हटलं होतं. मला वाटलं होतं, मापक कुठला घ्यावा, केवढ्याला मिळतो, असं काही लोक विचारतील. तसं कुणी फारसं विचारलंच नाही. पत्रांत निम्म्याहून जास्त तक्रारी माणसांच्या : हा लिहीत नाही, तो फुगवून लिहितो, तिसरा रुसून बसलाय. मी चोपडा तालुक्यात असा एक गट सांभाळते. अनेरच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत विखुरलेले शेतकरी, शिक्षक, किराणा दुकानदार आणि आशाताई त्यात आहेत. शाळेत भूगोल शिकवत होते, निवृत्तीनंतर हे मागे लागलं. उत्तरं त्याच अनुभवातली आहेत. पत्रं लांबलचक होती, त्यांतला मुद्दा तेवढा इथे घेतला आहे.

ताई, आम्ही सहा गावांत मिळून वीस जणांना पर्जन्यमापक दिले. मृगात सगळे रोज आकडा टाकायचे. पोळ्यापर्यंत सहाच उरले. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी आठवण टाकतो, पण कुणी हलत नाही. नवीन माणसं घ्यावीत की जुन्यांच्या मागे लागावं?
— एक तरुण शेतकरी, साक्री तालुका

पहिलं म्हणजे ती रोजची आठवण बंद करा. त्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं, वाढदिवस आणि कापसाचे भाव यांच्यामध्ये तुमची आठवण कुणाला दिसत नाही, आणि दिसली तरी प्रत्येकाला वाटतं की ती दुसऱ्यासाठी आहे. ज्याचा आकडा दोन-तीन दिवस आला नाही, त्याला एकट्याला फोन लावा. आणि फोनवर पावसाचा विषय लगेच काढू नका, आधी घरचं विचारा. कारण बहुतेक वेळा घरातच निघतं. लासूरकडचे आमचे एक आप्पा अचानक थांबले. आळस नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मोजपात्रावरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या आणि हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. आता मोजपात्र सून धरते, आकडा ती वाचते, वहीत आप्पा लिहितात. एकाची बाटली ट्रॅक्टरखाली आली होती, 'फुकट मिळालेली वस्तू मोडली' म्हणून तो ग्रुपवर गप्प होता. एक जण लेकीच्या बाळंतपणासाठी सुरतला गेली होती. यांतल्या कुणालाच आठवणीची गरज नव्हती. एकाला नवी बाटली हवी होती, एकीला महिनाभर बदली माणूस. म्हणून आमच्याकडे आता प्रत्येक मापकामागे दोन नावं असतात. नवरा-बायको, सासू-सून, शेजारी, कुणीही चालतं. दोघांनाही मोजता यायला हवं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुम्ही या वीस जणांकडून रोज आकडा घेता, त्यांना परत काय देता? पत्रात तुम्ही लिहिलंय की सगळे आकडे एका एक्सेलच्या तक्त्यात भरता. तो तक्ता त्यांच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? आकडा टाकला आणि तो विहिरीत दगड टाकावा तसा गेला, तर माणूस किती दिवस टाकत राहील?

मी दर रविवारी संध्याकाळी प्रत्येकाला त्याच्या एकट्याच्या मोबाइलवर तीन आकडे पाठवते : १ जूनपासून तुमच्याकडे एकूण किती झाला, आणि शेजारच्या दोन गावांत किती. एवढंच. पण त्यानं काय होतं बघा. कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. हा शंभर कुठला धरायचा? पेपरात तालुक्याची सरासरी येते आणि तुमच्या शिवारात साठच झालेला असतो, किंवा उलटं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ज्याच्या वहीत स्वतःच्या बांधावरची बेरीज असते, त्याच्या ओट्यावर माणसं येऊन बसतात. 'जिभाऊ, आपला किती झाला?' हे विचारणं एकदा सुरू झालं की जिभाऊ एक सकाळ चुकवत नाहीत, कारण आता तुम्ही नाही तर अख्खी गल्ली त्यांना विचारते. त्यांना हिशेबही करून दाखवा. १ मि.मी. पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एकराला २५ मि.मी. पडला की लाखभर लिटर पाणी शेतात आलं. ठिबकच्या मोटरचं बिल भरणाऱ्याला हे वाक्य लगेच समजतं.

हे काही माझं डोकं नाही. इंग्लंडात जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थानं १८६० साली १६८ हौशी लोकांच्या नोंदी जमवून सुरुवात केली आणि १९०० मध्ये तो वारला तेव्हा नोंद करणारे तीन हजारांच्या वर गेले होते. फोन नव्हता, सगळं पोस्टानं. पण दरवर्षी तो सगळ्यांच्या नोंदींचं पुस्तक छापायचा. तहसील कचेरीच्या आवारात जाळीच्या कुंपणात उभा असलेला जुना सायमन्स पर्जन्यमापक त्याच्याच नावाचा.

आता तुमचा मूळ प्रश्न. उरलेले सहा कोण, यापेक्षा ते कुठे आहेत ते आधी नकाशावर मांडा. तुमच्या तालुक्यात पिंपळनेरच्या वर डोंगराकडे एक पाऊस असतो आणि धुळ्याच्या बाजूला दुसराच. सहाही जण वरच्या अंगाचे असतील तर खालच्या बाजूला दोन माणसं नव्यानं शोधाच, आणि वरचे गळालेले सगळे परत आणायची गरज नाही. नवा माणूस निवडताना मात्र उत्साह बघू नका. पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा असतो, त्या वेळी रोज त्याच जागी कोण असतो ते बघा. दूध डेअरीवाला, पिठाची गिरणीवाला, अंगणवाडी सेविका. गावच्या पुढाऱ्याला चुकूनही देऊ नका. उद्घाटनाला तो असतो, आर्द्रा नक्षत्रात मुंबईला असतो.

आमच्या गटातल्या एका सभासदाचा पाऊस कायम बाकीच्यांच्या दुप्पट असतो. ग्रुपवर लोक त्याची थट्टा करतात, त्याला 'चेरापुंजी' म्हणतात. त्याला काढून टाकावं का? की आम्हीच त्याचा आकडा दुरुस्त करून भरावा?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

काढूही नका, दुरुस्तही करू नका. आणि ती थट्टा आजच थांबवा, कारण उद्या खरंच त्याच्याकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला तर तो आकडा टाकायला घाबरेल.

आधी भागाकार करा. त्याच्या दहाएक पावसाच्या नोंदी घ्या, त्याच दिवशीच्या शेजाऱ्यांच्या नोंदींनी भागा. उत्तर दर वेळी दोनच्या आसपास येत असेल तर तो माणूस सच्चा आहे. खोटं लिहिणारा इतका काटेकोर नसतो. त्याचं मोजपात्र चुकीचं आहे. आपल्याकडे फायबरचे जे मापक मिळतात त्यांत नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ काहींत १०० चौ. सें.मी. असतं आणि काहींत २००. शंभरवाल्यात १ मि.मी. पावसाचं पाणी १० मिलिलिटर भरतं, दोनशेवाल्यात २०. दोन्हींची काचपात्रं टेबलावर ठेवली तर लांबून सारखीच दिसतात. दोनशेच्या नरसाळ्याखालचं पाणी शंभरच्या पात्रात ओतलं की पाऊस थेट दुप्पट होतो. पात्रावर बारीक अक्षरात क्षेत्रफळ छापलेलं असतं, ते वाचून घ्या. छापील पुसलं असेल तर औषधाच्या दुकानातून मिलिलिटरची सिरिंज आणा, २० मिलिलिटर पाणी पात्रात घाला आणि किती दाखवतं ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

भागाकार दर वेळी वेगळा येत असेल तर जागा बघायला जा. फोटोवर विश्वास ठेवू नका, स्वतः जा. पत्र्याच्या पागोळीचे थेंब वाऱ्यानं आत येतात का? मापक फरशीच्या ओट्यावर ठेवलाय का? फरशीवरून थेंब उडून नरसाळ्यात पडतात, म्हणून खाली माती किंवा गवत हवं आणि तोंड जमिनीपासून साधारण ३० सें.मी. वर हवं. आसपासची भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुपटीएवढं अंतर ठेवा. आणि तुमच्या रावेरात एक खास भानगड आहे, ती पुस्तकांत सापडणार नाही. जूनमध्ये मृगबागेशेजारी, म्हणजे मृगात लावलेल्या केळीच्या बागेशेजारी, मापक बसवला तेव्हा रोप गुडघ्याएवढंही नसतं. ते वाढतच राहतं आणि पानं मापकावर येतात, मग त्या मापकाचा पाऊस आपोआप कमी व्हायला लागतो. माणूस तोच, मापक तोच, जागाही तीच, पण पोळ्यानंतरचे आकडे बिघडलेले. केळीच्या भागात मापक बागेत नको, खळ्यावर किंवा घरामागच्या मोकळ्या जागेत हवा. दर दोन महिन्यांनी आजूबाजूला काय वाढलंय ते विचारत जा.

तिसरा एक प्रकार असतो. आकडे नेहमी ५, १०, १५, २० असेच येतात, कधी ७.४ नाही की १२.८ नाही. म्हणजे माणूस खिडकीतून बघून लिहितोय. त्याला पकडून जाब विचारला तर तो गट सोडतो. त्यापेक्षा चहाला जा आणि म्हणा, 'चला, आज सोबत मोजू या.' बऱ्याचदा कळतं की त्याला दशांश वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि हे सगळं तपासूनही आकडा मोठाच राहिला तर? मग तो पाऊस खरा आहे असं धरा. बैलाचं एक शिंग ओलं आणि एक कोरडं, हे आपल्याकडच्या पोरालाही माहीत आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावात २८ जुलै १९९७ च्या संध्याकाळी हेच झालं. गावाच्या एका टोकाला दहा इंचांहून जास्त पाऊस कोसळला, दुसऱ्या टोकाला त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नाही. पुरात पाच माणसं गेली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं. नेमका कुठे किती पडला ते नंतर घरोघरच्या मापकांवरून आणि बादल्यांवरून जुळवावं लागलं. त्यातून नोलन डोस्केन या हवामान अभ्यासकानं १९९८ मध्ये साध्या नागरिकांचं जाळं उभं केलं. कोकोराज या नावानं ते आज अमेरिकेबाहेरही पसरलंय आणि चार इंची साध्या प्लॅस्टिकच्या मापकावर चालतं. त्या संध्याकाळी कोरड्या टोकाच्या शेजाऱ्यांनी ओल्या टोकाच्या माणसाला 'चेरापुंजी' म्हणून गप्प केलं असतं तर?

म्हणून मूळ आकडा खोडायचा नाही. शंका असेल तर शेजारच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाका आणि कारण लिहा. मूळ नोंदीवर पांढरी शाई लावायचा अधिकार समन्वयकाला नाही.

पाऊस नसेल त्या दिवशी शून्य कळवायलाच हवं का? पारोळ्यात सप्टेंबरात पंधरा-पंधरा दिवस काही पडत नाही. लोक म्हणतात, 'पानी उना नही ते काय सांगवं?'
— निवृत्त ग्रामसेवक, पारोळा

सांगायलाच हवं. तुमच्या तालुक्यात तर शून्य हीच मोठी बातमी. रकाना कोरा असला तर मला दोन अर्थ लागतात : पाऊस नव्हता, किंवा माणूस लग्नाला गेला होता. पावसाचा खंड किती दिवसांचा पडला हे सांगायचं तर मधला प्रत्येक शून्य लागतो. एक जरी कोरा राहिला तरी खंड तिथे तुटतो. चार थेंब पडून नुसती बूड ओली झाली तर शून्य नव्हे, 'नाममात्र' लिहायचं. २.५ मि.मी. किंवा त्याहून जास्त झाला तर तो हवामान खात्याच्या भाषेत पावसाचा दिवस. आमच्याकडे शून्यासाठी लोक नुसता 'शू' टाकतात. चालतं.

शाळेत पर्जन्यमापक ठेवलाय, मुलं हौसेनं मोजतात. पण रविवारी आणि सणाच्या सुट्टीला कोण मोजणार? सोमवारी जे पाणी साठतं ते दोन दिवसांत वाटून लिहितो. बरोबर आहे का? शिवाय रात्री पडलेला पाऊस कुठल्या तारखेला धरायचा यावरून शिक्षकांतच वाद आहे.
— मुख्याध्यापिका, शिंदखेडा तालुका

वाटून लिहू नका. सोमवारी सकाळी १८ मि.मी. निघाला तर '१८, दोन दिवसांचा मिळून' असं लिहा आणि रविवारचा रकाना कोरा सोडा. ९ आणि ९ लिहिलंत तर कुणीतरी पुढे ते खरं मानेल. कोरी जागा लपवायची गोष्ट नाही. उन्हाळी सुट्टीचं मात्र बघा. शाळा उघडते जूनच्या मध्यात आणि तोवर मृगाचा पहिला पाऊस होऊन गेलेला असतो. शाळेजवळ राहणारं एक घर जोडीला घ्या, शक्यतो एखाद्या विद्यार्थ्याचंच.

तारखेचा वाद सोपा आहे. सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० हा मोजणीचा एक दिवस, आणि ज्या सकाळी मोजलं त्या सकाळची तारीख. १४ तारखेच्या संध्याकाळी पडलेला पाऊस १५ च्या सकाळी मोजला, तर तो १५ च्या खात्यात. मुलांना हे विचित्र वाटतं, कारण भिजली ती १४ ला. पण हवामान खातंही असंच लिहितं, आणि तुम्ही वेगळं लिहिलंत तर शेजारच्या गावाशी तुमचा पाऊस कधीच जुळणार नाही. मुलांना एक गोष्ट मात्र बजावून सांगा. वीज कडाडत असताना मापकाकडे जायचं नाही. साडेआठचे सव्वानऊ झाले तरी चालतात, मोजल्याची वेळ लिहायची. शिक्षकांपैकी एकाच्या फोनमध्ये 'दामिनी' ॲप असावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, जवळपास वीज पडत असेल तर सांगतं.

गटाच्या यादीत माझ्या मिस्टरांचं नाव आहे. मोजते मी. दोन वर्षं झाली. मेळाव्यात त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. मला काही नको, पण...
— एक गृहिणी, अमळनेर तालुका

तुमच्या त्या 'पण'चं उत्तर तुमच्या समन्वयकानं द्यायला हवं, म्हणून त्यांनाच सांगते : दादा, यादी उघडा आणि जिथे पुरुषाचं नाव आहे तिथे फोन करून विचारा, 'सकाळी पाणी ओततं कोण?' आमच्या यादीत हे विचारल्यावर बरीच नावं बदलली. नाव बदललं की फोन नंबरही बदलतो, हे महत्त्वाचं. शंका विचारायला तुम्ही ज्याला फोन करता तो शेतात असतो, त्याला कालचा आकडा आठवत नाही, आणि जिला आठवतो ती स्वयंपाकघरात असते. ताई, तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव लिहून टाका. विचारायची गरज नाही.

आमच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर कमी पाऊस दाखवला आणि आमचं अतिवृष्टीचं नुकसान निकषात बसलं नाही. आमच्या गटाच्या नोंदी दाखवून भरपाई किंवा केळीचा विमा मिळवता येईल का? तसं असेल तर शंभर शेतकरी उद्या मापक घेतील.
— यावल तालुक्यातील शेतकरी

नाही मिळवता येणार, आणि मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. फळपीक विम्याचा हिशेब नेमून दिलेल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर होतो. महसूल मंडळांत २०१७ पासून राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाची जी स्वयंचलित केंद्रं बसली ती त्यासाठीच. अतिवृष्टीसाठी चोवीस तासांत ६५ मि.मी.ची रेघ आहे, तीही मंडळाच्या अधिकृत आकड्याला लागते. शिवाय केळीच्या विम्यात मुख्य भानगड थंडी, उष्णता आणि वाऱ्याची. त्यातलं तुमचा पर्जन्यमापक काहीच सांगत नाही. भिंतीवर टांगलेला थर्मामीटर दाखवून तर हसं होईल. हवेचं तापमान मोजायला झडपांची पांढरी पेटी लागते, आणि तीही जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, उघड्यावर.

तरी तुमच्या नोंदी निरुपयोगी नाहीत. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळवार रोजचा पाऊस दिसतो. तुमच्या मंडळाचा तक्ता शेजारी ठेवून बघा. आजूबाजूच्या पाच मापकांत चांगला पाऊस आहे आणि केंद्रावर शून्य, असं एकदा झालं तर तो पावसाचा लहरीपणा. सलग पाच-सात पावसांत तसंच झालं तर केंद्राच्या नरसाळ्यात पक्ष्याचं घरटं किंवा पालापाचोळा असू शकतो, किंवा शेजारी झाड वाढलेलं असू शकतं. असं दिसलं की तारखांसह एक पानाचा तक्ता करून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, आवक क्रमांक घ्या. मागणी एकच करा : केंद्राची तपासणी. भरपाईचा शब्द त्या कागदावर नको. आणि हे नुकसान व्हायच्या आधी, जुलैतच करा. नुकसान झाल्यावर दिलेला कागद रडगाणं म्हणून बाजूला पडतो.

तुमच्या शेवटच्या वाक्यानं मात्र मी धसकले. भरपाई मिळेल म्हणून मापक घेणारे शंभर शेतकरी मला नकोत. त्यांचा प्रत्येक आकडा ६६ निघेल.

आमच्याकडे पाड्यापाड्यांत रेंज नाही. काही जणांना लिहिता-वाचता येत नाही, मराठीही कमी बोलतात. पाऊस मात्र भरपूर. इथे गट कसा करावा?
— आश्रमशाळेतील शिक्षक, धडगाव तालुका

तुमच्या नोंदीची डोंगराखालच्या नदीकाठच्या लोकांना सगळ्यांत जास्त गरज आहे, म्हणून अडचणी बघून सोडू नका. रोज कळवणं ही अट काढून टाका. वही घरी, आणि आठवड्याच्या बाजाराला येताना वही सोबत. बाजारात कुठल्या तरी एका दुकानात तुमचा माणूस बसेल, तो पानाचा फोटो घेईल. आठ दिवस उशिरा आलेला आकडा हंगामाच्या हिशेबाला तेवढाच चांगला.

लिहिण्याचं म्हणाल तर नरसाळं आणि मोजपात्र बाजूला ठेवा. सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची पारदर्शक बरणी घ्या. वर-खाली सारखीच रुंद हवी, निमुळती बादली नको. अशा बरणीत जितके मिलिमीटर पाणी उभं राहतं तितकाच पाऊस. बाहेरून पट्टी चिकटवा. ज्याला अंक येत नाहीत त्यानं वहीच्या समासात पाण्याच्या उंचीएवढी उभी रेघ ओढायची, तुम्ही नंतर पट्टीनं मोजायची. बरणी रोज रिकामी करायची, नाहीतर ऊन पाणी पिऊन टाकतं. बोलणं पावरीत किंवा भिलीतच होऊ द्या. मोजणं शिकवायला तुमच्या आश्रमशाळेतली आठवी-नववीची मुलं पुरेत, सुट्टीत घरी जाताना तीच आईबापांना शिकवतील.

रोजची खबर फक्त एका कामासाठी लागते, ते म्हणजे पूर. डोंगरात रात्रभर कोसळला तर खालच्या नदीकाठाला ते लवकर कळायला हवं. त्यासाठी सगळे पाडे नकोत. जिथून टेकडीवर चढून का होईना फोन लागतो, असे दोन-तीन नेमा आणि ठरवून ठेवा की बरणीत अमुक रेघेच्या वर पाणी गेलं की तहसीलच्या नियंत्रण कक्षाला कळवायचं. ग्रुपवर 'पूर येतोय' असं आपण स्वतः टाकायचं नाही. आपण आकडा द्यायचा, इशारा प्रशासनानं. केरळात वायनाडला ह्यूम सेंटर नावाची संस्था जिल्हाभरच्या साध्या मापकांच्या रोजच्या नोंदी जमवून दरडींच्या दिवसांत हेच करते. तिथले नोंद करणारेही बहुतेक मळ्यांतले शेतकरीच आहेत.

पावसाळ्याबाहेर गटाला काय काम द्यावं? फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे गारपीट होते, तिची नोंद ठेवता येते का?
— कृषी सेवा केंद्र चालक, चोपडा तालुका

तुम्ही माझ्याच तालुक्यातले, तेव्हा एकदा या, करूनच दाखवते. गारांसाठी स्वस्त साधन आहे. कोकोराजवाल्यांचीच युक्ती : साधारण फूटभर लांब-रुंद आणि इंचभर जाड थर्माकोल, त्याला ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळायची, कडा मागच्या बाजूनं चिकटपट्टीनं बंद. उघड्या जागी खुंटावर आडवं, सपाट बसवायचं. गार पडली की फॉइलवर खड्डा उमटतो आणि तो राहतो. गार विरघळली तरी तिचा आकार, संख्या, कुठल्या दिशेनं आली, सगळं त्या फळीवर असतं. गारपिटीनंतर फळी काढून मागे गाव, तारीख, सुरू-बंद झाल्याची वेळ लिहायची आणि नवी लावायची.

गारांचा पट्टा अरुंद असतो. एका शिवारात गहू आडवा आणि पलीकडच्या रस्त्यापासून काही नाही, हे तुम्ही दुकानात बसून ऐकलंच असेल. त्यामुळे पर्जन्यमापकांपेक्षा इथे फळ्या जास्त आणि एकमेकींच्या जवळ हव्यात. जिथे फळी नाही तिथल्या माणसानं निदान सगळ्यांत मोठी गार पट्टीशेजारी ठेवून फोटो काढावा, विरघळायच्या आत. 'लिंबाएवढी' म्हणू नये, प्रत्येकाचं लिंबू वेगळं.

थर्माकोल विकत घेऊ नका. फ्रिज-टीव्हीच्या दुकानामागे पडलेलं असतं. फॉइल मात्र जाड बघून घ्या. पोळ्या बांधायची पातळ फॉइल फाल्गुनातल्या वाऱ्यानंच फाटते, गार पडायच्या आधी.